कागदावर नसलेले तास

माझ्या धाकट्या भावाला पोलिसांनी सोमवारी संध्याकाळी नेलं. कागदावर त्याची अटक बुधवारी दुपारची आहे. उच्च न्यायालयात आम्ही जे भांडलो, ते या दोन वेळांच्या मधल्या तासांसाठी. त्याला मारलं तेही याच तासांत, आणि कागदावर हे तास नव्हतेच.

मी न्यायालयाच्या आवारात टायपिंग करते. जामीन अर्ज, शपथपत्रं, वकीलपत्रं रोज माझ्या हाताखालून जातात. पोलिसांविरुद्धच्या तक्रारीही मी टाइप केल्या आहेत. त्यातल्या बहुतेक अर्ध्यावर विरल्या. माणसं खोटं बोलत होती म्हणून नाही. कोणत्या वेळी काय झालं, हे दाखवणारा एकही कागद त्यांच्याकडे नव्हता. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. आमच्याकडे कागद होते, कारण पहिल्याच रात्री एका जुन्या वकिलांनी आम्हाला जागं केलं.

भाऊ वायरमन आहे. एका बांधकामावर तो काम करत होता, तिथली तांब्याची केबल गायब झाली. ठेकेदाराने संशयित म्हणून जी नावं दिली त्यात याचं होतं. साध्या कपड्यांतले दोन पोलीस आले आणि म्हणाले, "साहेबांनी चौकशीला बोलावलंय, अर्ध्या तासात सोडतो." त्याची बायको आणि मी ठाण्यात गेलो तेव्हा ठाणे अंमलदाराने सांगितलं, "या नावाचा कोणी इथे आणलेला नाही." त्याची मोटारसायकल समोर लावलेली होती. मी बोट दाखवलं, तर ते म्हणाले, "ताई, सकाळी या, साहेब राउंडला गेलेत."

मी ज्यांचं टायपिंग करते त्या वकीलसाहेबांना रात्री फोन लावला. पहिल्याच वाक्यात त्यांनी विचारलं, "कुणाला लेखी कळवलंत का?" पूर्वी अशा रात्री ते तार करायचे. पोलीस अधीक्षकांना तार, दंडाधिकाऱ्यांना तार. तारेवर तारीख आणि वेळ छापलेली असायची, पुढे न्यायालयात तीच पुरावा व्हायची. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. "आता ईमेल करा," ते म्हणाले. "पोलीस अधीक्षक, दंडाधिकारी, मानवी हक्क आयोग, तिघांनाही. नाव, नेल्याची वेळ, कोणतं ठाणं, मोटारसायकलचा नंबर. आणि ११२ ला फोन करून तक्रार नोंदवा." मी फोनवरच मजकूर टाइप करून पाठवला. सकाळी तोच मजकूर स्पीड पोस्टाने पाठवला आणि पावती जपून ठेवली. त्या ईमेलला कुणाचंच उत्तर आलं नाही. पण सोमवारी रात्रीच आम्ही ओरडून सांगितलं होतं, हे त्यावरच्या वेळेने पुढे सिद्ध केलं.

आत काय झालं ते भावाने मला थोडं थोडं करून सांगितलं. तळपायांवर पट्टा. कान सुन्न होईल अशा थपडा. केबल कुठे विकली ते सांग, नाहीतर बायकोलाही आणतो, ही धमकी. बाकीचं मी इथे लिहिणार नाही, ते त्याचं आहे.

बुधवारी दुपारी आम्हाला बोलावून अटकेच्या कागदावर त्याच्या बायकोची सही मागितली. मी तिला म्हटलं, सहीखाली आत्ताची वेळ घाल. तिने घातली. हवालदार चिडले, "वेळ कशाला लिहिता?" या कागदामागे मोठा इतिहास आहे. पश्चिम बंगालमधल्या कायदेविषयक साहाय्याच्या एका संस्थेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंबद्दल १९८६ मध्ये सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं आणि डिसेंबर १९९६ मध्ये अकरा सूचना दिल्या. अटकेचा मेमो जागेवरच करायचा, त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही, तारीख आणि वेळ घालायची. नातेवाइकाला कळवायचं. अंगावरच्या जखमांची नोंद करायची. कोठडीत दर ४८ तासांनी डॉक्टरकडून तपासणी करायची. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी असायला हवी. आमच्याकडे आलेल्या दोघांच्या अंगावर गणवेशच नव्हता, मग नावाची पट्टी कुठून असणार?

चोवीस तासांची मुदत तर त्याच्याही आधीची, थेट राज्यघटनेतली आहे. अनुच्छेद २२ सांगतो की अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करा. हे चोवीस तास कधीपासून मोजायचे यावर सगळं ठरतं. पोलीस म्हणतात, आम्ही अटक लिहिली तिथून. कस्टमच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच सांगितलं आहे की माणसाच्या हालचालीवर बंधन आलं, तिथेच अटक सुरू होते. "चौकशीसाठी बसवून ठेवलं होतं" हा शब्दप्रयोग सगळ्या ठाण्यांमध्ये चालतो. उठून घरी जाता येत नसेल, तर ती अटकच आहे.

मुळात त्याला अटक करायची गरजही नव्हती. तेव्हा जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता होती. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा, आणि सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत ऊठसूट अटक करू नका, आधी कलम ४१अ ची नोटीस देऊन बोलवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात बजावलं होतं. अटक करायचीच तर कारणं लिहून दंडाधिकाऱ्यापुढे ठेवावी लागतात. आमच्या रिमांडच्या, म्हणजे कोठडी मागण्याच्या, कागदात कारण म्हणून एकच छापील वाक्य होतं: "तपास बाकी आहे."

रिमांडच्या वेळचं आठवलं की अजून पोटात ढवळतं. दंडाधिकाऱ्यांनी विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" भावाने मान हलवली. नाही. ज्यांनी मारलं तेच त्याच्या मागे हातभर अंतरावर उभे होते आणि पोलीस कोठडी मिळाली तर तो परत त्यांच्याच गाडीतून जाणार होता. अशा माणसाने काय उत्तर द्यायचं? माझी न्यायाधीशांना हात जोडून विनंती आहे, हा प्रश्न पोलिसांना बाहेर पाठवून विचारा. वकीलसाहेबांनी तिथेच वैद्यकीय तपासणीचा अर्ज दिला, कारण तो आत येताना पाय टेकवत नव्हता. दंडाधिकाऱ्यांनी ते पाहिलं असावं. त्यांनी तपासणीचा आदेश दिला आणि पोलीस कोठडीऐवजी न्यायालयीन कोठडी दिली. तुरुंगात घेताना तिथल्या डॉक्टरांनीही तपासलं आणि तळपायांवरचे वळ, कानामागची सूज, त्यांचा रंग आणि अंदाजे वय, सगळं रजिस्टरमध्ये लिहिलं. ते डॉक्टर कोण होते मला माहीत नाही. त्यांनी आपलं काम नीट केलं म्हणून आमची याचिका उभी राहिली. तपासणीच्या अहवालाची प्रत अटक झालेल्या माणसाला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला द्यावी लागते. ती मागा. तोंडी मागून नाही मिळाली तर लेखी मागा.

पुढे जामीन झाला आणि बऱ्याच महिन्यांनी पोलिसांनी स्वतःच 'सी समरी' दाखल केली, म्हणजे गुन्हा गैरसमजुतीने नोंदला गेला. केबल त्याच ठेकेदाराच्या दुसऱ्या गोदामात सापडली होती. घरात पेढे आणायची भाषा सुरू झाली. भाऊ म्हणाला, "ताई, केबल सापडली. मला मारलं त्याचं काय?"

दावा लावायचं तिथे ठरलं.

वाटा दोन होत्या. एक दिवाणी दाव्याची. त्यात रकमेनुसार कोर्ट फी, सरकारला आधी नोटीस, मग साक्षीपुरावे आणि वर्षानुवर्षं तारखा. मुदतीही आखूड. बेकायदा डांबून ठेवल्याबद्दल भरपाई मागायला मुदतीच्या कायद्यात सुटकेपासून एकच वर्ष आहे. त्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम १६१ आडवं येतं: कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दलचा दावा सहा महिन्यांत लावा. मारहाण हे कर्तव्य होऊच शकत नाही, संशयिताला मारणं किंवा डांबणं या संरक्षणात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्याच एका प्रकरणात साठच्या दशकात सांगितलं आहे. तरी सरकारी वकील हे कलम काढतातच, म्हणून सहा महिन्यांच्या आत हालचाल करणं शहाणपणाचं. मानवी हक्क आयोगाकडे जायचं तर घटनेपासून एका वर्षाच्या आत.

दुसरी वाट घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिकेची, म्हणजे मूलभूत हक्क मोडल्याची थेट दाद मागायची. आम्ही ती धरली. ही वाट कशी तयार झाली ते वाचताना मी टायपिंग थांबवून बसले होते.

एके काळी सरकार सरळ म्हणायचं की राज्याच्या सार्वभौम कामात चूक झाली तर भरपाई नाही. मेरठमध्ये १९४७ साली पोलिसांनी एका व्यापाऱ्याचं सोनं जप्त केलं, ते हेड कॉन्स्टेबलने लंपास केलं आणि तो पाकिस्तानात पळाला. व्यापारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि कस्तुरीलाल नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या १९६४ च्या निकालात हरला. मग रुदुल साह. बिहारचा हा माणूस १९६८ मध्ये निर्दोष सुटला आणि तुरुंगातून बाहेर आला १९८२ मध्ये. निर्दोष ठरल्यावर चौदा वर्षं आत! सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या खंडपीठाने १९८३ मध्ये रिट याचिकेतच त्याला ३०,००० रुपये आणखी द्यायला सांगितलं. ५,००० राज्याने आधी दिले होते. चौदा वर्षांचे पस्तीस हजार. रक्कम वाचून राग येतो, पण मूलभूत हक्क मोडला तर नुसतं "सोडून द्या" म्हणून भागत नाही, पैसेही द्यावे लागतात, हे दार तिथे उघडलं. १९९३ मध्ये ओडिशातल्या नीलाबती बेहरा या आईच्या पत्रावर न्यायालयाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. तिचा बावीस वर्षांचा मुलगा पोलिसांनी नेला आणि दुसऱ्या दिवशी रेल्वे रुळांवर त्याचा मृतदेह मिळाला. तिला दीड लाख रुपये देताना न्यायालयाने स्पष्ट केलं की मूलभूत हक्कांच्या बाबतीत सार्वभौमत्वाची सबब चालणार नाही. आज कुणीही सामान्य माणूस अशी याचिका करतो ती या दोघांच्या खांद्यावर उभं राहून.

आणि तरीही हा हक्क कायद्यात लिहिलेला नाही. नागरी आणि राजकीय हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यात बेकायदा अटकेला भरपाईचा हक्क आहे. भारताने १९७९ मध्ये करार स्वीकारला, पण नेमक्या या हक्काबद्दल आपली हरकत नोंदवून ठेवली. छळाविरुद्धच्या करारावर १९९७ मध्ये सही केली, अनुमोदन आजवर दिलेलं नाही. कायदा आयोगाने २०१८ मध्ये २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांच्या बळींसाठी वेगळी तरतूद सुचवली. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली १९९४ मध्ये अटक झाली आणि ५० लाखांच्या भरपाईचा आदेश सप्टेंबर २०१८ मध्ये मिळाला. एवढ्या नावाजलेल्या माणसाला चोवीस वर्षं. एखाद्या वायरमनसाठी लिहिलेला, ठरलेला, मुदतीत मिळणारा हक्क असायला नको का? जुन्या संहितेत विनाकारण अटक झालेल्याला भरपाईचं एक कलम होतं, ३५८. ती भरपाई अटक करवणाऱ्या तक्रारदाराने द्यायची आणि मर्यादा एक हजार रुपये.

याचिकेला उत्तर म्हणून पोलिसांचं शपथपत्र आलं. सोमवारी याला चौकशीला बोलावलं, तासाभराने तो निघून गेला, बुधवारी पुन्हा सापडला आणि अटक केली. मारहाण झाली नाही, दंडाधिकाऱ्यांपुढे त्याने तक्रार केली नाही. मग आमच्या बाजूचे कागद एकेक करून पुढे आले. सोमवार रात्रीचा ईमेल. ११२ ची नोंद. भावाच्या मोबाइलचं लोकेशन: दोन्ही रात्री एकाच टॉवरखाली, आणि तो टॉवर ठाण्याचा. तुरुंगाच्या डॉक्टरांनी लिहिलेलं जखमांचं वय, जे बुधवारच्या आधी जात होतं. सहीखालची वेळ.

सीसीटीव्हीचं फुटेज मागितलं तर "तांत्रिक बिघाड". सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये आदेश दिला आहे की प्रत्येक ठाण्यात प्रवेशद्वार, कोठडी, मार्गिका, सगळीकडे आवाजासह चित्रीकरण हवं आणि ते अठरा महिने, ते शक्यच नसेल तर निदान एक वर्ष, साठवून ठेवायला हवं. आम्ही पहिल्याच आठवड्यात फुटेज राखून ठेवा असा लेखी अर्ज देऊन पोच घेतली होती. त्यामुळे बिघाड नेमक्या त्याच दोन दिवसांचा कसा, हा प्रश्न न्यायमूर्तींनीच विचारला आणि त्याचा निष्कर्ष पोलिसांच्या विरुद्ध काढला. हा अर्ज नसता तर "जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं" एवढ्यावर भागलं असतं.

या काळात घरी माणसं येत राहिली. ठाण्याच्या ओळखीतले, आमच्याच नात्यातले. "पोलिसांशी वैर परवडत नाही." "त्या फौजदाराची बढती अडलीय, लेकरंबाळं आहेत त्याला." एकाने थोडे पैसे घेऊन मिटवायचा निरोपही आणला. भावाची कामं कमी झाली होती, कारण अटक झालेल्या माणसाला घरात वायरिंगला कोण घेणार? तो कधी कधी म्हणायचा, सोडून देऊ. मी त्याला दोष देत नाही. याचिका करणाऱ्याला रोज त्याच रस्त्यावरून, त्याच ठाण्यासमोरून कामाला जावं लागतं. म्हणून ज्यांनी मिटवलं त्यांच्याबद्दल वाईट बोलणाऱ्यांशी माझं भांडण होतं.

निकालात अटक बेकायदा ठरली, मारहाण झाली हे न्यायालयाने मान्य केलं आणि राज्याला एक लाख रुपये द्यायला सांगितलं. चौकशी करून दोषी अधिकाऱ्यांकडून ते वसूल करण्याची मोकळीक राज्याला दिली. दिवाणी दाव्याचा हक्कही शिल्लक आहे, त्यात रक्कम मिळाली तर ही वजा होईल. या वसुलीबद्दल माझं मत ठाम आहे. सोलापुरात एका कच्च्या कैद्याला बेड्या घालून, दोरीने बांधून भर रस्त्यातून फिरवलं होतं. उच्च न्यायालयाने दहा हजारांची भरपाई पोलीस निरीक्षकाच्या खिशातून द्यायला लावली. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रक्कम कायम ठेवली पण ती राज्यावर टाकली. राज्याने भरपाई देणं बरोबरच आहे, नाहीतर गरिबाने एका शिपायाच्या मागे वसुलीसाठी किती फिरायचं? पण नंतर ती त्या अधिकाऱ्याकडून वसूल झालीच पाहिजे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये जेमतेम अर्धा तास कोठडीत डांबल्याबद्दल ५०,००० रुपये थेट उपनिरीक्षकांच्या पगारातून कापायला लावले. मारणाऱ्याच्या पगारपत्रकावर त्या दोन रात्री दिसायला हव्यात. आज आमच्या करातून आमचीच भरपाई होते आणि पट्टा त्याच कपाटात राहतो.

जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. नोटिशीचं कलम आता ३५ मध्ये आहे, नातेवाइकांना कळवण्याचं ४८, चोवीस तासांचं ५८. कलम ३७ प्रमाणे अटक झालेल्यांची नावं ठाण्यात ठळकपणे लावायची आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेची कारणं लेखी, आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत, द्यायला सांगितलं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतल्या माणसाला आणि कुठल्याही स्त्रीला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. आणि माहितीच्या अधिकारात एक तरतूद आहे जी फार थोडे वापरतात: माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर माहिती ३० दिवसांत नव्हे, ४८ तासांत द्यावी लागते.

भरपाईचे पैसे भावाच्या खात्यात जमा झाले. त्यातून त्याने कानाचे उपचार केले आणि नवी अवजारं घेतली. खातेनिहाय चौकशी मात्र अजून "सुरू आहे". कुणाकडून एक रुपयाही वसूल झाल्याचा कागद मला दिसलेला नाही. माहितीच्या अधिकारात विचारलं तर चौकशी प्रलंबित असल्याने माहिती देता येत नाही असं उत्तर आलं. त्यावर पहिलं अपील केलं आहे. अपिलात एवढंच मागितलं आहे: चौकशी अधिकारी कोण, आतापर्यंत किती जबाब नोंदवले, आणि वसुलीचा प्रस्ताव कोणत्या टेबलावर किती दिवस पडून आहे. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. भाऊ म्हणतो, या वेळी अर्ज मी वाचून दाखवणार.